माठ, कूलरचा पंप आणि ४२ अंशांची खोली: डेस्कटॉपसाठी घरचं वॉटर कूलिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यात गच्चीखालची खोली, मे महिन्यात दुपारी आतच ४२ अंश. मशीन रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसरचं. ब्लेंडर ह्या त्रिमिती चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (चित्र पूर्ण करून घेण्याचं काम) लावला की प्रोसेसर ९० अंशांना टेकतो आणि वेग खाली येतो. घरात कूलरचा जुना पंप पडून आहे, भंगारवाल्याकडे मोटारीचा रेडिएटर मिळतोय, आणि टाकी म्हणून माठ वापरला तर पाणी आपोआप गार राहील असा तुमचा बेत आहे. हे जमेल का?

वॉटर कूलिंग जमेल. पण माठ, पंप आणि रेडिएटर ह्या तिन्ही गोष्टी जशा ठरवल्या आहेत तशा जोडू नका. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. स्वतःच्या हाताने पहिला वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा) काढला त्याला बारा-तेरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून स्वतःसाठी आणि मित्रांसाठी बरेच लूप (ब्लॉक, रेडिएटर, टाकी आणि पंप ह्यांतून पाणी फिरवणाऱ्या मांडण्या) बांधले. काही बिघडलेही. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी माठाबद्दल. कल्पना सुंदर आहे आणि तिच्यामागचं भौतिकशास्त्र खरं आहे, म्हणून नुसतं 'नको' म्हणून सोडवत नाही. माठ गार होतो तो पाझरलेलं पाणी बाहेरून वाफ होऊन जातं म्हणून. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. तुमचा प्रोसेसर पूर्ण भारावर १४२ वॉटपर्यंत वीज घेतो, म्हणजे तासाला सुमारे ५११ किलोज्यूल उष्णता. ती सगळी बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला दोनशे मिलिलिटरहून थोडं जास्त पाणी उडायला हवं. आता घरचा माठ आठवा. तो दिवसभरात एक लिटर पाझरून उडवतो असं धरलं, तर त्याची शक्ती येते फक्त २८ वॉट. म्हणजे प्रोसेसर माठात जेवढी उष्णता ओतणार, त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच माठ बाहेर टाकणार. उरलेली पाण्यात साठत जाणार. दहा लिटर पाण्याला १४२ वॉट दिले तर ते तासाला १२ अंशांनी तापतं. पहिल्या अर्ध्या तासात आकडे फार छान दिसतात, बादलीत पंप टाकून केलेले सगळे प्रयोग ह्याच अर्ध्या तासात यशस्वी झालेले असतात. तुमचा रेंडर सहा तासांचा आहे.

शिवाय उघडं पाणी म्हणजे धूळ, शेवाळ आणि क्षार. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. अकोल्याच्या बोअरचं पाणी ज्या भांड्यात उकळता त्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर डोळ्यांपुढे आणा. ब्लॉकमधल्या एक मिलिमीटरच्या फटींत तोच थर बसला तर दोन महिन्यांत प्रवाह बंद.

म्हणून माझा पहिला नियम असा: आतलं पाणी बंद आणि स्वच्छ. पाणी इथे थंडावा देण्यासाठी नसतंच, ते हमालाचं काम करतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलतं, तेवढी उचलायला जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवा लागते. मिनिटाला फक्त दोन लिटर पाणी फिरत असेल तरी १४२ वॉटमुळे ब्लॉकमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात एखाद्या अंशाचाच फरक पडतो. त्यामुळे खूप ताकदीचा पंप लावून फार काही मिळत नाही. पुण्याच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेत २०१९ साली बसवलेल्या परम ब्रह्म महासंगणकातही उष्णता उचलायला पाणीच थेट वापरलं आहे, आणि तिथेही पाण्याने उचललेली उष्णता शेवटी बाहेरच्या हवेतच सोडावी लागते. त्या शेवटच्या टप्प्यावर सगळं अवलंबून आहे.

तुमच्या खोलीचा हिशेब मांडू. खोलीतली हवा ४२. पुरेसा मोठा रेडिएटर आणि मध्यम वेगाचे पंखे असतील तर पाणी हवेपेक्षा आठ-दहा अंश वर, म्हणजे ५०-५२ वर जाऊन स्थिरावेल. आणि ५८००एक्समध्ये आठही कोर जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरच्या एका चिपलेटवर (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यावर) असल्यामुळे उष्णता एका ठिपक्यातून बाहेर येते. त्यामुळे चांगल्या विकतच्या ब्लॉकनेही चिप पाण्यापेक्षा तीसेक अंश वर राहते. बेरीज ८०-८५. घरी केलेल्या ब्लॉकला आणखी चार-सहा अंश धरा. म्हणजे एवढी खटपट करून तुम्ही पुन्हा ९०च्या उंबरठ्यावर. ही बेरीज कोणी आधी सांगत नाही आणि मग लोक पाण्याला दोष देतात. त्यातच बहुतेक पंप बनवणारे पाण्याची मर्यादा ६० अंश देतात, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात आपण त्या मर्यादेच्या फार जवळ काम करणार.

आता तुमच्या माठाची कल्पना योग्य जागी नेऊ. बाष्पीभवन हवंच, पण ते पाण्याच्या लूपमध्ये नको, रेडिएटरवर येणाऱ्या हवेत हवं. तुमच्या खोलीत डेझर्ट कूलर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत चांगल्या वाळ्याच्या किंवा हनीकोंब पॅडचा कूलर ४२-४४ अंशांची हवा २८-३० वर आणून सोडतो. रेडिएटर केसच्या बाहेर काढा, कूलरच्या झोतात पण तोंडापासून तीन-चार फूट लांब ठेवा, तुषार त्याच्यापर्यंत येता कामा नयेत. हवा २९ धरली तर पाणी ३८च्या आसपास आणि चिप सत्तरीत. तेरा अंशांचा हा फायदा कुठलाही महागडा ब्लॉक देणार नाही. पाणी नेहमीच कूलरमधून येणाऱ्या हवेपेक्षा कोमट असल्यामुळे पाइपांवर दव धरण्याची भीतीही नाही. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी मात्र कधीच नको. तिथे दव धरतं आणि ते थेट मदरबोर्डवर ठिबकतं. केस स्वतः कूलरच्या झोताबाहेर ठेवा. ओलसर, क्षारांची हवा बोर्डावर वर्षानुवर्षं लागणं बरं नाही.

हे सगळं करण्याआधी एक संध्याकाळ बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) घालवा. इको मोडला (वीज कमी घेण्याच्या पर्यायाला) ६५ वॉटची पातळी निवडली की, नाव ६५चं असलं तरी, प्रोसेसर १४२ ऐवजी ८८ वॉटवर थांबतो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरते आणि खर्च शून्य. ह्यानेच तुमचं भागलं तर मला आनंदच आहे. आणि निव्वळ पैशांचा हिशेब केला तर दोन-तीन हजारांचा चांगला टॉवर एअर कूलर (प्रोसेसरवर बसणारा उभा, पंख्याचा कूलर) घरच्या वॉटर कूलिंगपेक्षा स्वस्त पडतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण तुम्हाला स्वतः बांधायचं आहे हे तुमच्या पत्रातून दिसतं, आणि ती इच्छा मला पूर्ण समजते. तर बांधू.

मोटारीचा रेडिएटर नको. पूर्वी हौशी लोक मोटारीच्या हीटरची छोटी जाळी वापरायचे, पण ती तांब्या-पितळेची असायची. आजच्या मोटारींचे आणि मोटरसायकलींचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात आणि तुमचा ब्लॉक तांब्याचा असणार. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ती बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मी असा एक लूप आठ महिन्यांनी उघडला होता. ब्लॉकच्या फटींत राखाडी-पांढरा जेलीसारखा चिखल होता आणि रेडिएटरच्या नळीला सुईच्या अग्राएवढं भोक. गाडीच्या कूलंटने हे लांबतं, टळत नाही. म्हणून लूपमध्ये पाण्याला लागणारा प्रत्येक धातू तांबं, पितळ किंवा निकेलचा मुलामा दिलेलं पितळ, एवढाच ठेवा.

विकतचा ३६० मिलिमीटरचा तांब्या-पितळेचा रेडिएटर घेतलात तर प्रश्न मिटला. घरचाच करायचा असेल तर एसीवाल्याकडे जुन्या विंडो एसीची कॉइल शोधा. तिच्यावरच्या पत्र्या ॲल्युमिनियमच्या असतात, पण पाणी फक्त आतल्या तांब्याच्या नळीतून जातं, त्यामुळे भांडण होत नाही. नळीचं टोक कानसाने घासून पाहा, लालसर निघालं तर तांबं. हल्ली पूर्ण ॲल्युमिनियमच्या कॉइलही येतात, त्या नकोत. एसीमध्ये गॅस असेल तर तो एसीवाल्यालाच काढू द्या, तुम्ही नळी कापू नका. आत कॉम्प्रेसरचं तेल चिकटलेलं असतं. ते आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मग गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं, पाण्यावर तेलाचा तवंग दिसायचा थांबेपर्यंत. कॉइलची नळी लांब आणि बारीक असल्याने प्रवाहाला अडथळा जास्त होतो. ब्रेझिंग (तांब्याच्या नळ्या जोडण्याचं काम) येणाऱ्या माणसाकडून ती मधोमध कापून दोन समांतर फाटे करून घेतले की अडथळा बराच कमी होतो.

ब्लॉक हा माझ्या आवडीचा भाग. तांब्याचा ठोकळा शोधत लोक भांड्यांच्या दुकानात जातात. पुण्याच्या तांबट आळीत मीही गेलो होतो, पण तिथे काम पत्र्याचं, भांडी घडवण्याचं. आपल्याला हवा असतो तो जाड आणि शुद्ध तुकडा, आणि तो मिळतो इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्यांकडे. त्यांच्या बसबारची ५० बाय १० मिलिमीटरची पट्टी कापताना उरलेले तुकडे ते वजनावर देतात. बसबारचं तांबं विजेसाठी असल्याने शुद्ध असतं, आणि जे वीज चांगली वाहून नेतं ते उष्णताही चांगली नेतं. पितळ दिसायला जवळचं, पण उष्णता वाहण्यात तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली. पितळेचा ब्लॉक करू नका.

पन्नास मिलिमीटरचा चौकोन घ्या. मिलिंगवर एक मिलिमीटरच्या स्लिटिंग कटरने (पातळ चकतीच्या करवतीने) पाच मिलिमीटर खोल फटी काढा, मध्ये एक मिलिमीटरच्या भिंती सोडा, खाली किमान तीन मिलिमीटर तळ राहू द्या. तांबं चिवट असतं, कटरला चिकटतं, म्हणून वेग कमी आणि तेल भरपूर. विकतच्या ब्लॉकमध्ये ह्याच फटी केसासारख्या बारीक असतात, तिथेच त्यांचे ते चार-सहा अंश वाचतात. पाणी शिरण्याचं तोंड फटींच्या मध्यावर ठेवा, दोन्ही बाजूंनी बाहेर काढा. झाकण दहा मिलिमीटर ॲक्रिलिकचं किंवा डेल्रिन ह्या कडक प्लास्टिकचं. मधे नायट्रिल ओ-रिंगची दोन मिलिमीटरची दोरी आणि तिच्यासाठी दीड मिलिमीटर खोल खाच. एवढं दाबलं गेलं की ती धरते. सिलिकॉन सीलंट लावून झाकण चिकटवू नका. ते उघडून साफ करता येत नाही, आणि सुटलेला एक कण फटीत अडकला की संपलं.

तळ सपाट करायला जाड काच घ्या, तिच्यावर वॉटर पेपर ठेवा, ४०० पासून सुरू करून ८०० आणि १२०० पर्यंत या. ठोकळा आठच्या आकड्यात फिरवायचा, हात कडेला झुकू द्यायचा नाही. स्टीलची पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहा, खालून उजेड दिसला नाही की झालं. आरशासारखी चमक आणायची गरज नाही, सपाटी महत्त्वाची.

एएम-४ बोर्डावर (तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटचा मदरबोर्ड) भोकांमधलं अंतर ५४ आणि ९० मिलिमीटर असतं. आडवी पट्टी करा, चार स्प्रिंग लावा, आणि स्क्रू समोरासमोर पाव-पाव फेरा आवळा. बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटचे आटे अमेरिकन मापाचे असतात, त्यात आपला मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घालू नका. त्यापेक्षा मागे स्वतःची प्लेट करून एम-३ चे आरपार बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर वापरा.

पंप. कूलरचा पंप २३० व्होल्टचा असतो आणि तो ज्या पाण्यात बुडालेला असतो तेच पाणी तुमच्या प्रोसेसरवरून फिरणार आहे. त्याच्या आतलं रेझिन तडकलं तर फेज थेट पाण्यात. कूलरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्याचा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे, आणि दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. ह्या बाबतीत मी आग्रही आहे: तो पंप वापरायचा नाही. १२ व्होल्टचा ब्रशलेस पंप घ्या, चार-पाच मीटर हेडचा (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवू शकणारा), तो संगणकाच्या एसएमपीएसवरच (वीजपुरवठ्याच्या डब्यावरच) चालतो. टाकी नेहमी पंपाच्या वर ठेवा. कोरडा चालला तर मिनिटभरात त्याचा शाफ्ट घासला जातो.

आता माझ्याकडून झालेली एक चूक. सुरुवातीला मी वर्कशॉपमधले न्यूमॅटिक फिटिंग आणि निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप वापरला होता. पाव इंची आटे, ब्लॉकला तेच, पाइप खटकन बसतो, सगळं हाताशी. दुसऱ्या उन्हाळ्यात रात्री एक वाजता ग्राफिक्स कार्डवर पाणी आलं. पाइप फिटिंगपाशी चिकट होऊन चिरला होता. पीयूचे दोन प्रकार असतात. पॉलिएस्टर जातीचा गरम पाण्यात हळूहळू विघटित होतो, पॉलिईथर जातीचा टिकतो. आणि दुकानात रंगावरून ते ओळखता येत नाही. तेव्हापासून मी ईपीडीएम रबराचा काळा पाइप आणि होज क्लिप वापरतो. गवंडी पाणसळीला वापरतात तो पारदर्शक पाइप चाचणीपुरता ठीक आहे. कायम ठेवला तर काही महिन्यांत पांढरट होतो आणि त्यातून सुटलेला चिकट थर फटींत बसतो.

फिटिंगबाबत आणखी एक. बाजारात पाव इंची बीएसपीचे (पाइपांच्या आट्यांच्या ब्रिटिश मापाचे) दोन प्रकार मिळतात, निमुळत्या आट्यांचे आणि सरळ आट्यांचे. निमुळतं फिटिंग टेफ्लॉन टेप लावून ॲक्रिलिकमध्ये आवळलं की पाचरीसारखं काम करतं आणि झाकण तडकतं, कधी लगेच, कधी आठवड्याने. सरळ आट्यांचं, खाली ओ-रिंग असलेलंच घ्या आणि हातानेच आवळा.

पाण्याबाबत फार बोलण्यासारखं नाही. बॅटरीचं पाणी घ्या, पण आरओ दुरुस्त करणाऱ्याकडून टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) मागून तपासा. आकडा पाचच्या आत हवा. आरओचं पाणी चालणार नाही. त्यात दहा-पंधरा टक्के गाडीचं ग्लायकॉलवालं कूलंट टाका, गंज आवरतो. ते विषारी आणि चवीला गोड असतं, लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांपासून लांब ठेवा.

गळतीची चाचणी आधी हवेने करा. ह्यासाठी माझं आवडतं साधन म्हणजे रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि त्याची घड्याळासारखी तबकडी. एका फिटिंगला ती नळी जोडा, बाकीची तोंडं बंद करा, २५० मिलिमीटरपर्यंत हवा भरा. हा दाब साधारण एक तृतीयांश बार होतो. अर्धा तास थांबा. काटा हलला नाही तरच पाणी भरायचं. हलला तर साबणाचा फेस लावून जागा शोधा. मग पाणी भरून फक्त पंप २४ तास चालवा. मदरबोर्डाची आणि कार्डाची वायर काढून ठेवा, एसएमपीएसच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला क्लिपने जोडली की तो एकटा सुरू होतो. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू ठेवा, सकाळी एकेक उचलून पाहा. केस थोडी तिरकी करत राहिलात की अडकलेले बुडबुडे टाकीत येतात. हे २४ तास कमी करायचा मोह होतो. करू नका.

पंपाच्या वेगाची वायर बोर्डावरच्या सीपीयू फॅनच्या जागी लावा आणि बायोसमध्ये त्याची सूचना चालू ठेवा, म्हणजे पंप थांबला तर मशीन सुरूच होणार नाही. पंपाची वीज मात्र थेट एसएमपीएसवरून घ्या, बोर्डावरच्या त्या जोडणीला तेवढा प्रवाह झेपत नाही. आणि मूळ पंखा काढल्यावर प्रोसेसरभोवतीच्या व्होल्टेज रेग्युलेटरवर वारा लागायचा बंद होतो. तिथे एक १२० मिलिमीटरचा पंखा वेगळा बांधा. प्रोसेसर ७० अंशांवर आणि बाजूचे मॉस्फेट (रेग्युलेटरमधले वीज नियंत्रित करणारे भाग) ११० वर अशी मशीन मी पाहिली आहेत.

मृग लागला की कूलर बंद करा. दमट हवेत तो थंडावा देत नाही, उलट खोलीत ओल वाढवतो. तेव्हा खोलीच ३०-३२ वर आलेली असते, रेडिएटर साध्या पंख्यांवर चालेल. त्याच वेळी रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये साठलेली धूळ आणि क्षार मऊ ब्रशने काढा, टाकीतल्या पाण्याचा रंग पाहा, आणि ब्लॉक वर्षातून एकदा उघडा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा फटींचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतो. लूप सुरू झाला की दुपारी तीन वाजताचे तीन आकडे मला कळवा: रेडिएटरपाशी येणारी हवा, टाकीतलं पाणी आणि रेंडर अर्धा तास चालल्यानंतरची चिप. त्या तिघांतल्या फरकांवरून रेडिएटर कमी पडतोय की ब्लॉक, हे मी इथून सांगू शकेन.